माईकच्या पोटातलं दुखणं

मी माईक बोलतोय. दचकू नका, आज कुणाचा नंबर पुकारत नाहीये. पोटात दुखतंय म्हणून बोलतोय. दवाखान्यात राहूनही डॉक्टरांना सांगता येत नाही असलं हे दुखणं आहे. मला एका बाईंचा हेवा वाटतो.

माझा जन्म कारखान्यातला. "हॅलो, हॅलो" करून मला तपासणारा माणूस शेजाऱ्याला म्हणाला होता, "याचा आवाज दणदणीत आहे हं!" तेवढ्यावर मी फुगलो तो फुगलोच.

पुढं दवाखान्यातल्या या टेबलावर आलो. माझ्यासमोर एक जाडजूड क्लार्क बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या लक्षात नावं राहायची नाहीत, दुखणी राहायची. "प्लास्टर, चला आत!" "मूळव्याध कोण आहे? बसू नका, उठा!" सगळा हॉल खो खो हसायचा. हसायचा नाही तो फक्त उठणारा माणूस. हॉल हसला की मी खूश. मला काय त्याचं? जे कानात घालाल तेच मी मोठ्यानं सांगणार.

एकदा पुकारा झाला, "फिटवाली! ए फिटवाली, कुठं गेलीस?"

मागच्या बाकावर शिवणकारखान्यात काम करणारी एक मुलगी वडिलांबरोबर बसली होती. तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई नेमकी पुढच्या बाकावर होती. तिनं वळून पाहिलं. मुलगी उठली आणि डॉक्टरांच्या खोलीकडं न जाता सरळ बाहेर निघाली.

"अगं, आपला नंबर आलाय," वडील म्हणाले.

"मला नव्हतं बोलावलं, बाबा. माझ्या आजाराला बोलावलं."

ती परत आलीच नाही. गोळ्या संपल्या. मग कामावरच्या जिन्यात तिला झटका आला आणि कपाळाला टाके पडले, असं सिस्टरना बोलताना मी ऐकलं.

क्लार्क बदलून गेले, नव्या बाई आल्या आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. बाईंनी मला कोपऱ्यात सरकवलं. नंबर आला की स्वतः उठायच्या, जवळ जाऊन म्हणायच्या, "आजी, चला. हात देऊ का?" "दादा, तुम्ही या आता." लादी पुसणाऱ्या बाईलाही, "मावशी, जरा वाट देता?" आणि लोक काय खुलायचे! चारी भिंतींवर माझे कर्णे, आणि माना वळायच्या त्या एवढ्याशा आवाजाकडं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस सिस्टरकडून सगळं कळल्यावर त्यांनी त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. "काका, ताईंना घेऊन या. इथं कुणी ओरडणार नाही, माझा शब्द आहे." म्हणजे फोनच्या नशिबातही असले शब्द, आणि मी धूळ खातोय! मी मनातल्या मनात म्हणालो, या बाईचा घसा बसू दे एकदाचा.

आणि बसला की! सोमवारची गर्दी होती, बाईंना बोलवेना. त्यांनी मला पुढं ओढलं, फडक्यानं पुसलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "खिडकीजवळचे आजोबा, या ना, तुमचा नंबर आलाय." आजोबांनी माझ्या कर्ण्याकडं पाहिलं आणि चक्क हात जोडले. खरं सांगतो, माझ्या तारा थरथरल्या.

तेवढ्यात दारातून ती मुलगी आली. कपाळावर टाक्यांचा व्रण, मागं वडील. पुन्हा त्याच मागच्या बाकावर अंग चोरून बसली. तिचा नंबर आला. मी श्वास रोखून तयार होतो. आता हिलाही मीच बोलावणार, तेही गोड आवाजात!

बाईंनी माझं बटण बंद केलं.

त्या उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि खाली वाकून त्या बसलेल्या घशानं काहीतरी म्हणाल्या. मुलीनं वर पाहिलं. मग ती हसली, उठली आणि त्यांच्याबरोबर आत गेली.

काय म्हणाल्या असतील? ऐकण्यासाठीच जन्मलो मी, आणि नेमकं तेवढंच मला ऐकू आलं नाही. अजून जळतोय त्यावरून.

तुम्ही कधी माझ्यासमोर बसलात, तर एवढं करा. बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघा, आणि मग बोला. मलाही वाटतं हो, माझ्या हाकेनं कुणीतरी तसं हसत उठावं.