तारणाच्या पाटीवरचं नाव

थांबायला वेळ असेल तर जरा थांबा. लकडगंजातल्या पडोळ्यांच्या लाकूड कापायच्या आऱ्यावरची पत्र्याची पाटी तुमच्याशी बोलतेय. माझा आवाज खडखडीत आहे, त्याला इलाज नाही. एक खिळा पहिल्यापासून सैल असल्यामुळे आरा मशीन सुरू झाली की मी थरथरते, आणि बंद झाली की नको ते विचार करत बसते. आयुष्यभर एका जागी टांगलेली असूनही स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

आधी मी घासलेटच्या पिंपाचा पत्रा होते. बँका सरकारी झाल्या, छोट्या धंदेवाल्यांना यंत्रासाठी कर्ज मिळू लागलं, आणि त्र्याहत्तर सालच्या मार्चमध्ये इतवारीतल्या एका पेंटरनं मला कापून, घासून पिवळा रंग दिला. वर काळ्या अक्षरांत लिहिलं : ‘ही आरा मशीन बँकेकडे तारण आहे. कर्जदार – श्री. लहानू पडोळे.’ माझं काम एवढंच. दुसऱ्या कुणी या मशीनच्या जोरावर पैसा द्यायला निघालं, तर त्यानं आधी मला वाचावं आणि समजावं की हिच्यावर बँकेचा हक्क अगोदरच बसलाय. पण त्यासाठी नाव बरोबर हवं. नाव चुकलं तर मी नुसताच रंगवलेला पत्रा.

आणि ते चुकलंच होतं. बँकेचे सोनटक्के साहेब कागद घेऊन आऱ्यावर आले तेव्हा मार्चअखेर तोंडावर आली होती आणि त्यांचा कर्जवाटपाचा आकडा अपुरा होता. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, “कर्जदाराचं नाव?”

“लिहा लहानू पडोळे. साऱ्या लकडगंजात कोनालेही इचारा.”

“कागदोपत्री हेच ना?”

“दुसऱ्या नावानं मले कोन ओळखते साहेब? दुसरं लिहान तं तुमची चिठ्ठी घरी पोचनार नाई.”

साहेबांना पटलं. पाटी लोकांनी वाचायची, तर लोकांच्या तोंडचं नावच बरं, असं म्हणून त्यांनी करारावरही तेच लिहिलं. लहानूनं सही ठोकली आणि मला शेडच्या खांबावर ठोकलं.

तिथून समोर पाहिलं आणि माझी झोप उडाली. पलीकडच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आऱ्याचा सरकारी परवाना टांगला होता. त्यावर नाव होतं ‘रुपराव पडोळे’. मशीनच्या बिलावरही तेच. आम्ही दोघं दिवसभर एकमेकांकडे टक लावून पाहायचो, आणि मधल्या जागेत माणसं सागाचे ओंडके ओढत यायची-जायची. दोन्ही नावं वाचून हा एकच माणूस का, असं विचारणारा एकही जण तिथे आला नाही. माणसांची ही मोठी गंमत आहे. ती माझ्याखाली सायकली टेकवतील, तंबाखूचा खर्रा घोटून चुन्याची बोटं मला पुसतील, पण वाचणार नाहीत. मी खडखडून खडखडून सांगत होते, त्यांना वाटायचं खिळा सैल आहे.

लहानू मात्र माणूस सोन्यासारखा. कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा. दुपारी त्याची आई जिजाबाई डबा घेऊन यायची आणि दारातूनच हाक द्यायची, “लहानू, जेवून घे रे बावा.” ती हाक आली की आरा थांबायचा. हप्ता त्यानं कधी चुकवला नाही. पण भिडस्त माणूस, कुणाला नाही म्हणता येत नसे. त्याच्या साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, चंद्रभान शेठकडून लाकूड उधार उचललं आणि लहानू जामीन राहिला. शेठच्या मुनीमानं परवान्याकडे बघून जामीनखतावर नाव घातलं, रुपराव पडोळे. माझ्याकडे त्यानंही पाहिलं होतं. नाव वेगळं म्हणून मान फिरवली.

साळा रायपूरकडे पसार झाला. शेठनं कोर्टातून हुकूमनामा मिळवला आणि एक दिवस बेलीफ दारात उभा राहिला.

“साहेब, मशीन बँकेले तारण हाय,” लहानू म्हणाला. “हे पाटी वाचा न.”

“वाचली. हिच्यावर लहानू आहे. माझा हुकूम रुपराव पडोळ्यांच्या मालावर आहे.”

“तो मीच तं हाव.”

“मग बरंच झालं,” बेलीफ म्हणाला, “मी योग्य जागी आलो.”

पट्टा उतरला, मशीनला लाखेचं सील लागलं. शेडमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आता मशीनचा लिलाव होणार, पैसा शेठकडे जाणार, आरा बुडणार आणि बँकेचं कर्ज मात्र लहानूच्या डोक्यावर तसंच राहणार. मी तर खांबावर नुसती तळमळत होते.

सोनटक्के साहेब धावत आले. त्यांच्या नोकरीवरही बेतलं होतं. बँकेनं कोर्टात हरकत घेतली, मला खिळ्यांसकट उपटलं आणि पुरावा म्हणून चिठ्ठी चिकटवून कोर्टाच्या टेबलावर आडवं टाकलं.

शेठचे वकील मला बोटानं टिचकी मारून म्हणाले, “अशी पाटी कुणाच्याही नावाची रंगवता येते. लहानू पडोळे नावाचा माणूस एका तरी सरकारी कागदावर दाखवा.” दाखवणार कुठून? लहानूच्या स्वतःच्या शब्दाला किंमत नव्हती, मशीन वाचण्यात त्याचाच फायदा होता. लकडगंजातले अर्धा डझन व्यापारी साक्षीला आले. हा लहानूच, असं ते शपथेवर सांगत होते, पण रुपराव कोण म्हटलं की एकमेकांची तोंडं बघायचे. त्याच्या बायकोला विचारावं, तर ती बिचारी दोन्हीपैकी एकही नाव तोंडातून काढीना.

उरल्या जिजाबाई. पदर डोक्यावर ओढून त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या.

“हा कोण?” बँकेच्या वकिलांनी विचारलं.

“माहा पोरगा, लहानू.”

“शाळेत नाव काय घातलं होतं?”

जिजाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. पुन्हा विचारलं, तशा खाली बघून म्हणाल्या, “ते नाव मी घेत नाई.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “का घेत नाही आजी?”

“माह्या सासऱ्याचं हाय ते. पोरगा झाला तवा घरच्यायनं आजाचं नाव ठेवलं. मंग मी लेकराले हाक कशी मारू? सुनेनं सासऱ्याचं नाव घ्याव काय? म्हनून मी लहानू म्हनलं. मंग सारेच म्हनाले लागले.”

तेव्हा मला कळलं, माझ्या अंगावर इतकी वर्षं काय लिहिलेलं होतं ते. बँकेच्या वकिलांनी नाव सुचवायला तोंड उघडलं, तोच शेठचे वकील उठले. साक्षीदाराच्या तोंडात नाव घालू नये, ही त्यांची हरकत. न्यायाधीशही म्हणाले, “आजी, तुमच्या तोंडून आलं तरच लिहिता येईल.”

मागून लहानू बोलला, “राहू दे माय. मशीन गेली तं गेली.”

“तू चूप राय,” जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, हात जोडले आणि कुणाला तरी पुटपुटल्या, “मामंजी, माफ करजा.” मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “रुपराव.”

कारकुनानं लिहून घेतलं. पण त्यांचं समाधान झालं नसावं. त्या वळल्या, पोराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रुपराव, उभा राय.”

केस पिकलेला तो माणूस, शाळेत हजेरीला पोर उठतं तसा उभा राहिला. “हाव माय,” एवढंच बोलला आणि रडायला लागला. आईनं आपलं नाव घेतलेलं त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. मी पत्र्याची आहे, तरी मलाही तो क्षण सोसला नाही.

जप्ती उठली. बँकेचा हक्क आधीचा, असं कोर्टानं मानलं. जामिनाचे पैसे शेठला पुढे हळूहळू मिळाले. जिजाबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही, देवघरात सासऱ्याच्या टाकापुढे नारळ ठेवून त्या बसून राहिल्या.

पेंटरनं मला नव्यानं रंगवलं : ‘रुपराव ऊर्फ लहानू पडोळे’. मी पुन्हा खांबावर चढले. जिजाबाई डबा घेऊन आल्या, माझ्यापुढे उभ्या राहिल्या आणि विचारलं, “यातलं माहं कोनतं?” त्यांना वाचता येत नव्हतं. लहानूनं त्यांचं बोट धरून दुसऱ्या नावावर ठेवलं. त्यानंतर त्या रोज यायच्या आणि पदरानं तेवढ्याच अक्षरांवरचा भुसा पुसायच्या. मला सांगता येत नव्हतं की बाई, हलक्या हातानं पुसा, रंग कच्चा आहे.

आता कर्ज फिटलंय. बँकेचं पत्र आलं की पाटी काढून टाका, पण अजून कुणी हात लावलेला नाही. उद्या भंगारात गेले तरी माझी तक्रार नाही. माझं मागणं एवढंच आहे की कुणाचं नाव लिहायला बसलात तर कागद नीट बघा, आणि कागद बघून झाला की त्या माणसाला घरात कोण काय म्हणतं तेही विचारा. दोन्ही लिहा, आणि पक्क्या रंगानं लिहा.

कारण पुसून पुसून ‘लहानू’ माझ्यावरून गेलाय, शेजारचं ‘ऊर्फ’ही. जिजाबाई जाऊनही दोन उन्हाळे झाले. मंडीत नवी माणसं आली, ती त्याला रुपरावजी म्हणतात. परवा बँकेचा नवा साहेब मला वाचून म्हणाला की नाव अगदी बरोबर आहे. बरोबर आहेच. पण दुपारी डब्याच्या वेळेला आरा थांबतो, रुपरावजी हात धुऊन दाराकडे बघत बसतात, आणि त्यांना जेवायला हाक मारणारं कुणी येत नाही.