बत्तिसाव्या सायकलीचा उजेड

मी एक जुना ढोल आहे, आणि मित्रांनो, माझ्या पोटात दिवा आहे.

हसू नका. माझ्या दोन्ही तोंडांवर कातडं ताणलेलं आहे. कातड्याला दमट हवा सोसत नाही आणि मास नदीकाठच्या आमच्या गावात कोरडी हवा पाहुण्यासारखी येते. ओल धरली की कातडं सैल पडतं, आणि माझा आवाज भिजलेल्या गादीवर काठी मारावी तसा येतो. त्या दिव्याच्या उबेने मी ताठ राहतो.

माझा जन्म झाला तेव्हा मात्र दिवा नव्हता. मी गावच्या बँडसाठी तयार झालो. अकरा वर्षं एका जाडजूड पाववाल्याच्या पोटावर बसून मी राणीच्या वाढदिवसाला संचलनाची तीच एक धून वाजवली. मग बँडने नवा ढोल आणला आणि मला बटाट्यांच्या कोठारात ठेवलं. तिथून मला गेरलोफने उचललं. आठवडाभर तो सायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी नाचाच्या वाद्यवृंदात ताल धरायचा. त्याने मला पायाने वाजवायचा दांडा लावला, डोक्यावर एक झांज बसवली आणि पोटात विजेचा दिवा सोडला. त्याच्या बहिणीने माझ्या पुढच्या तोंडावर दीपस्तंभ रंगवला. स्तंभाच्या खिडक्यांवर तिने रंग पातळ ठेवला, म्हणून दिवा लागला की त्या खिडक्या उजळत.

पहिल्या दुपारी आम्ही फॉक्सट्रॉट, म्हणजे जोडीने करायच्या जलद नाचाची धून, वाजवली. मित्रांनो, अकरा वर्षं मी लोकांना चालायला लावलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते उडाले! जोडे घासत होते, मणी खळखळत होते, फरशीतून त्यांची पावलं माझ्यापर्यंत पोचत होती.

हॉल रोस्कामबाईंचा. दर रविवारी तीन ते सहा चहा आणि नाच. बाई विधवा, गुडघ्यांनी अधू. दाराजवळच्या खुर्चीत बसून त्या सगळ्यांवर नजर ठेवत. पायांखाली शेकायची लाकडी पेटी असे. आत निखाऱ्यांचं मडकं, वर भोकं. ती पेटी त्या कोणाला हात लावू देत नसत. वाद्यवृंद सहा जणांचा. ट्रंपेट वाजवणारा ब्राफहाइट सुरीनामहून बोटीच्या भट्टीत कोळसा टाकत आला होता. "तिथे मी बोट चालवली, इथे गाव चालवतो," असं तो म्हणे.

गावातल्या देवभोळ्या मंडळींना आमचा हॉल खुपत होता. अंधारात नाच चालतो, अशा तक्रारी गेल्या. नाचाच्या परवान्यात एक अट होती: नाच चालू असताना हॉलच्या मधोमध उभं राहून वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. नोव्हेंबर १९३२ मधल्या एका रविवारी साडेपाचला टेर हॉर्स्ट नावाचे पोलीस अधिकारी ती अट तपासायला येणार होते. वाचता आलं नाही तर परवाना रद्द, हॉल बंद, आणि मी परत बटाट्यांत.

साहेबांना गरम कॉफी मिळावी म्हणून बाईंनी शेजारून विजेवरचं मोठं भांडं मागून आणलं. पाच वाजून दहा मिनिटांनी ते लावलं. पुढच्याच मिनिटाला फ्यूज उडाला. हॉल काळाकुट्ट, माझ्या खिडक्याही विझल्या.

"दुसरा फ्यूज?" गेरलोफने विचारलं.

"हाच दुसरा होता," बाई म्हणाल्या.

गावात वीजवाला एकच. ब्राफहाइट धावत गेला आणि धावत परत आला. "दार उघडलं त्याने. म्हणाला, रविवारी मी तारेला हात लावत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला."

"प्रार्थनेवर दिवा लागतो का म्हणावं!" बाई कडाडल्या.

"विचारलं. दार लावून घेतलं."

गेरलोफ नाचणाऱ्यांकडे वळला. मग ओरडला, "इथे चालत कोण आलंय?"

कोणीच नव्हतं. आमच्याकडे लोक लग्नालाही सायकलवर जातात, बहुधा एकीवर दोघं. बाहेर भिंतीला एकतीस सायकली टेकल्या होत्या आणि प्रत्येकीला चाकावर चालणारा दिवा होता. नाचणाऱ्यांनी त्या आत आणल्या, सीट खाली करून उलट्या उभ्या केल्या आणि हातांनी चाकं फिरवायला घेतली. चिखल उडाला, रेशमी झगे माखले, पण भिंतीवर उजेड पडला!

पडला आणि गेला. परत पडला. एकाचं चाक जोरात, एकाचं हळू. हॉलमध्ये विजा चमकल्यासारखं झालं. नेमके तेव्हाच टेर हॉर्स्ट दारात उभे राहिले.

"रोस्कामबाई, नाचाचा परवाना आहे तुमच्याकडे. सायकल दुरुस्तीचा नाही."

"आत या साहेब, कॉफी... कोमट आहे."

त्यांनी मधोमध जाऊन वर्तमानपत्र उघडलं. "अक्षरं येतात आणि जातात," ते म्हणाले. "सहा वाजेपर्यंत थांबतो. परवान्याची वेळ तेवढीच आहे."

"सगळ्यांनी एका तालात फिरवायला हवं," म्हणत गेरलोफने दांड्यावर पाय मारला.

मित्रांनो, मला ते आठवलं की अजून लाज वाटते. माझ्यातून नुसतं "भफ्" निघालं. दिवा विझून वीस मिनिटं झाली होती आणि साठ ओल्या कोटांची वाफ हॉलभर होती. चाकांच्या घरघरीत मी कोणाला ऐकूच गेलो नाही.

"अजून जोरात मार ना!" कोणीतरी ओरडलं.

"फाटेल तो! त्याला ऊब पाहिजे." गेरलोफ बाईंच्या पायांखालच्या पेटीकडे बघत होता.

"बघूसुद्धा नकोस. माझे गुडघे आहेत ते."

"बाई, ढोल गप्प तर हॉल गप्प."

बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि स्वतः वाकून पेटी पुढे सरकवली. "जळला बिळला तर तुझ्या कातड्याचा नवा करीन," त्या म्हणाल्या.

गेरलोफने पेटी माझ्या पाठीशी ठेवली, हातभर अंतरावर. तळहाताने तो माझं कातडं चाचपत राहिला. चार मिनिटं. ऊब आत शिरली, एकेक सुरकुती ताणली गेली. मग त्याने पाय मारला.

धम्!

एकतीस हात एकदम फिरले. धम्, धम्! भिंतीवरचा उजेड थरथरला आणि थांबला. ब्राफहाइटने ट्रंपेट उचललं. अर्धे नाचले, अर्ध्यांनी चाकं फिरवली, गाणं संपताच अदलाबदल. मी आयुष्यात इतका ताठ कधी वाजलो नाही!

टेर हॉर्स्ट नाचणाऱ्यांच्या मधोमध कागदाला नाक लावून उभे होते. "मथळे दिसतात. बारीक अक्षरं नाहीत. सहाला बारा मिनिटं."

"साहेब, तुम्ही आलात कशावर?" बाईंनी विचारलं.

"सायकलवर."

"मग?"

"ती सरकारी आहे. खासगी हात लागलेला चालत नाही."

"मग सरकारी हात लावा!"

सगळा हॉल हसला. टेर हॉर्स्ट हसले नाहीत. ते बाहेर गेले, बत्तिसावी सायकल आत घेऊन आले, मधोमध उलटी केली, बाह्या वर सारल्या आणि चाक फिरवू लागले. पहिले दोन झटके बेताल होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांना ताल दिला. बाई लंगडत आल्या आणि वर्तमानपत्र त्यांच्या नाकासमोर धरून उभ्या राहिल्या.

"'विकणे आहे,'" साहेब मोठ्याने वाचू लागले, "'शेळी, शांत स्वभावाची, लहान मुलांची सवय असलेली.'"

टाळ्यांनी माझी झांज आपोआप वाजली. त्यांच्या अहवालात एकच ओळ होती: पाच वाजून पन्नास मिनिटांनी नाच चालू असताना मधोमध बारीक अक्षरं वाचता आली. परवाना राहिला, आणि आम्ही आणखी सात हिवाळे वाजलो.

पुढे युद्ध आलं, हॉल गेला. आज मी गेरलोफच्या नातीच्या घरी आहे. ती प्रेमळ आहे, पण माझ्यावर काच ठेवून तिने मला टेबल केलंय. पाहुणे कधी गंमत म्हणून टिचकी मारतात, "भफ्" ऐकतात आणि म्हणतात, "बिघडलाय."

मित्रांनो, मी बिघडलेलो नाही, पोटातला दिवा कित्येक वर्षं कोणी लावला नाही म्हणून गारठलोय. तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य मुकं पडलं असेल तर त्याला जोरात मारू नका. आधी तळहात ठेवून बघा. गार लागलं तर चार मिनिटं ऊब द्या, गेरलोफसारखी, हातभर अंतरावरून. मग एकदाच वाजवा, आणि त्याचंही टेबल झालं असेल तर वरचे कप सांभाळा.