डाव्या हाताचा ओटा

तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओत सिद्धेश्वरी मॅडमनी प्रोजेक्ट सांगितला तेव्हा आर्किटेक्चरच्या निम्म्या वर्गाची तोंडं उतरली. आधीच्या बॅचला म्युझियम मिळालं होतं, त्याआधीच्या बॅचला तलावाकाठचं रिसॉर्ट. यांच्या वाट्याला आलं घर, तेही आधीच बांधलेलं. शुक्रवार पेठेत जायचं, जो कुणी आत घेईल त्याच्या घराची मापं काढायची आणि त्या घरातल्या एका माणसासाठी ते घर बदलून दाखवायचं.

"एका माणसासाठी," मॅडमनी पुन्हा बजावलं. "समाजासाठी नको, भावी पिढीसाठी तर मुळीच नको."

ऋतुजाला वाईट वाटलं. ती जेऊरची, शेतकऱ्याची पोर, सोलापुरात हॉस्टेलवर राहणारी. वर्गात तिच्यासारखी रेघ कुणाची येत नव्हती आणि हे तिला ठाऊक होतं. एवढ्याशा घरात ती रेघ दाखवायची कुठं?

मार्चमधल्या एका सकाळी पंधरा पोरं टेप आणि वह्या घेऊन पेठेत शिरली. लोकांना वाटलं, महापालिकेची माणसं आली. एका बाईंनी तर "घरपट्टी वाढवायला आलाव व्हय?" म्हणत दार लावून घेतलं. ऋतुजा तीन दारांवरून परत फिरली. चौथ्या घराच्या पायरीवर एक सत्तरीतले गृहस्थ मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत होते.

"मापं घ्यायची व्हय? मग आमच्या घराची घ्या की," ते म्हणाले. "आधी पानी प्या. ऊन लई हाय."

हे बसवराजकाका. सूतगिरणीत टाइमकीपर होते, आता निवृत्त. घर अकरा फूट रुंद आणि छत्तीस फूट लांब, एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीला गल्लीकडे खिडकी, मधली खोली अंधारी आणि मागच्या स्वयंपाकघरात दिवसासुद्धा बल्ब. मधल्या खोलीत कॉटवर काकांची बायको बसली होती, महानंदाकाकू. सव्वा वर्षापूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता आधारानं चार पावलं टाकता यायची, खुर्चीत बसता यायचं, पण उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडून असायचा.

"बोलनं पण गेलं बगा," काका म्हणाले. "म्हंजे मराठी गेली. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, तिकडची कन्नड तेवढी राहिली. ती पण दोन-दोन शब्द. डॉक्टर म्हणले, असं होतं कधी कधी, आधीची भाषा टिकती."

"काकू, मी ऋतुजा," ती वाकून म्हणाली. काकूंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि डाव्या हातानं कॉटवर थोपटलं. बस, असं.

पण ऋतुजा बसली नाही. तिला छत्तीस फूट मोजायचे होते.

पुढच्या आठवडाभरात ती तीनदा गेली. दर वेळी काका सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. हिला उजेड पायजे, संडास जवळ पायजे, घसरायला नको, गादी चांगली पायजे. सगळं काकाच करायचे. काकूंची वेणी घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत. भाकरी जाड व्हायची, एका कडेला कच्ची राहायची. काकूंनी ताट सरकवलं की म्हणायचे, "बगा. सारखं बेड, बेड. बेड म्हंजे नको. आजारानं चिडचिडी झालीय."

ऋतुजानं प्लॅन काढला तो देखणा होता. मधल्या खोलीचं छप्पर उघडून वरून उजेड, त्याखाली काकूंचा पलंग, भिंतीत पुस्तकांचे कोनाडे, दारापासून मागपर्यंत हलका उतार. शीट लावल्यावर सगळे गोळा झाले. मॅडमनी चष्मा वर सरकवून पाच मिनिटं पाहिलं.

"पलंग सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवसभर पलंगावरच असतात का?"

"हो मॅडम."

"त्यांना तसंच असायचंय?"

ऋतुजानं वही उघडली. सतरा पानं भरली होती, पण प्रत्येक वाक्य काकांचं होतं. काकूंच्या नावावर फक्त उंची होती, चार फूट अकरा इंच.

"त्यांना बोलता येत नाही मॅडम."

"अजिबात?"

"कन्नड येतं. थोडं."

मॅडम पुढच्या शीटकडे वळल्या. ऋतुजाचे कान तापले. संध्याकाळी तिनं वर्गातल्या प्रभुलिंगला गाठलं. तो अक्कलकोटचा, घरी कन्नडच बोलणारा, शांत पोरगा.

"प्रभू, माझ्याबरोबर पेठेत येशील?"

"येतो की. पण मी काय विचारू?"

तेच तर तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं पुठ्ठ्याचं घर केलं, वरून उघडं. आत सुट्या वस्तू ठेवल्या, बोटाएवढ्या. कॉट, खुर्ची, ओटा, कपाट, पाण्याची टाकी. डाव्या हाताला उचलता याव्यात म्हणून प्रत्येकीवर काडीचा दांडा चिकटवला.

रविवारी सकाळी दोघं गेली. ऋतुजानं मॉडेल काकूंच्या मांडीवर पाटावर ठेवलं. प्रभू कन्नडमध्ये म्हणाला, "अव्वा, हे तुमचं घर. तुम्हाला हवं तसं लावा."

काकूंनी एकेक वस्तू न्याहाळली. काका मध्येच म्हणाले, "तिला काय समजनार—" आणि तेवढ्यात काकूंचा हात हलला. त्यांनी कॉट उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली. मग मागच्या खोलीतला ओटा उचलला. ओटा एकदा निसटला, त्यांनी पुन्हा उचलला. तो पुढच्या खोलीत आणला, गल्लीकडच्या खिडकीखाली टेकवला आणि त्यावर बोट दाबून धरलं.

"इल्ली," त्या म्हणाल्या. इथं.

"दारात चूल?" काका हसले. "अगं, लोक काय म्हनतील? आनि सैपाक मी करतोय की. तुला काय कमी पडतंय?"

"साकु," काकू म्हणाल्या. एवढं कन्नड ऋतुजालाही त्या आठवडाभरात समजायला लागलं होतं. पुरे. मग त्या प्रभूकडे वळून तुटक तुटक बोलत राहिल्या, एकेक शब्द शोधून, डोळे मिटून. प्रभू ऐकत होता, मान हलवत होता. काकाही ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं.

"काय म्हणतात?" ऋतुजानं हळूच विचारलं.

प्रभूनं काकांकडे पाहिलं. काकांनीच सांगितलं. "म्हनती, हात एक गेलाय, एक हाय. म्हनती, तुमी दमलाय. रात्री पाय चेपता सोताचे, मला दिसतं. म्हनती..." ते थांबले. "म्हनती, बेड भाकरीला नव्हतं. तुमी करताय त्याला होतं."

त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. काकूंनी पाटावरूनच डावा हात लांब केला, तो त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पोचला. तिथंच त्यांनी तो ठेवला.

खोलीवर परतल्यावर ऋतुजानं ती देखणी शीट गुंडाळून कपाटावर टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. हॉस्टेलच्या मेसमध्ये जाऊन तिनं उजवा हात पाठीमागे बांधून कणीक मळायला घेतली. परात गोल गोल फिरायला लागली, पीठ अंगावर आलं आणि मेसच्या मावशी पोट धरून हसल्या. पण त्यातून तिला समजलं की परात अडकायला ओट्याच्या दगडात खळगा हवा. उजव्या हाताला शेगडी असते, ती डावीकडे हवी. गॅसचं बटण, पिठाचा डबा, पाण्याचा नळ, सगळं डावीकडे. ओटा सव्वीस इंचच उंच हवा, म्हणजे खुर्चीत बसून हात पोचेल, आणि खालून मोकळा, म्हणजे गुडघे आत जातील. खिडकीची खालची कडही तिनं नऊ इंचांनी उतरवली. बसल्या माणसाला गल्ली दिसायला हवी.

ज्युरीला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी शीट वर-खाली पाहिली. "हा किचनचा तपशील झाला. यात डिझाइन कुठं आहे?"

ऋतुजा सांगायला लागली, पण परातीच्या खळग्यापाशी येईपर्यंत त्यांनी घड्याळ पाहिलं. बी ग्रेड मिळाली. म्युझियमसारखं घर केलेल्या पोराला ए प्लस.

ती जिन्यात बसून रडली. सिद्धेश्वरी मॅडम वरून उतरत होत्या, त्या तिच्याशेजारी पायरीवर टेकल्या.

"ते लोक बांधणार आहेत का?" त्यांनी विचारलं.

"काका म्हणतात, बघू."

"मग मार्क काय बघत बसलीस? मिस्त्री बघ."

काका अखेर तयार झाले. मिस्त्री मिळाले ते बिरप्पा, पेठेतलेच. ऋतुजानं त्यांना ड्रॉइंग दिलं, मापं खडूनं भिंतीवर काढून दिली आणि थिअरीच्या परीक्षेसाठी चार दिवस हॉस्टेलमध्ये कोंडून घेतलं. पाचव्या दिवशी पेपर देऊन ती धावत पेठेत आली तेव्हा ओटा उभा होता. वर कडप्पा चकचकीत बसवलेला, परातीचा खळगा अगदी गोल, शेगडी डावीकडे. आणि खाली विटांची भिंत, गच्च, गिलावा करून.

"मिस्त्रीकाका, खाली मोकळं ठेवायचं होतं!"

"मोकळं?" बिरप्पा चकित झाले. "कडप्पा मोडंल की, पोरी. चाळीस वर्सं ओटे बांधतोय, खाली मोकळा कुनी ठेवीत न्हाय. तुजं चित्र चुकलं असंल म्हनून मी भरून घेतलं."

काकूंना खुर्चीत बसवून पुढं आणलं. गुडघे विटांना लागले. हात लांब केला तर बोटं दगडाच्या कडेला जेमतेम टेकली. खळगा तिथून एक वीत लांब.

चूक बिरप्पांची नव्हती. तिनं रेघ काढली होती, पण ती का काढली हे सांगितलं नव्हतं. काकूंसाठीही तिनं आधी अशीच, त्यांना न विचारता रेघ काढली होती.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "तुम्ही एकदा इथं बसा. उजवा हात खिशात घाला आणि परातीला हात लावून बघा."

बिरप्पांनी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी दुसरी खुर्ची आणली. बिरप्पा बसले, हात खिशात घातला, वाकले. गुडघे आपटले. पुन्हा वाकले. मग उठून त्यांनी गुपचूप छिन्नी-हातोडा काढला.

"लोखंडी अँगल भिंतीत दोन्हीकडनं घालतो," ते म्हणाले, "हत्ती बसला तरी कडप्पा हलनार न्हाय. आधी सांगायचं की गं, कशापायी ते."

भिंत पाडताना घरभर धूळ उडाली. काकू मागच्या खोलीत जायला तयार होईनात. तोंडाला पदर लावून, धुळीतच बसून त्या प्रत्येक विटेकडे पाहत होत्या, आणि शेवटची वीट निघाली तेव्हा मोठ्यानं हसल्या. काका म्हणाले, या घरात हे हसू सव्वा वर्षानं ऐकलं.

आठवड्यानं ओटा वाळला. त्या सकाळी काकांनी खुर्ची ओढली, काकूंचे गुडघे आत गेले, परात खळग्यात बसली. काकूंनी डाव्या हातानं पीठ घेतलं, पाणी घातलं, जास्त झालं, आणखी पीठ घातलं. काका दोनदा पुढं झाले. दोन्ही वेळा काकूंनी न पाहताच मान हलवली.

"तुम्ही बाहेर बसा काका," ऋतुजा म्हणाली. "मी आहे इथं."

काका पायरीवर जाऊन बसले. आत उलथनं पडलं, ते उठले. ऋतुजानं खिडकीतून हात केला, सगळं ठीक आहे. ते बसले. आत झाकण वाजलं, पुन्हा उठले. पंधरा मिनिटं हे चाललं. त्यांच्या हातांना काय करावं समजत नव्हतं; ते कधी टॉवेल घडी करत, कधी पायरीवरची माती झटकत.

मग खिडकीतून काकूंनी त्यांना हाक मारली. नावानं नाही, नुसतं "रीऽ" म्हणून, मराठीत 'अहो' म्हणावं तसं. काकांनी वर पाहिलं. काकूंनी पिठाचा हात स्वतःच्या गालावरून फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"काय?" ऋतुजानं विचारलं.

काकांनी गालावर हात ठेवला. खुंट वाढलेले होते, मानेवर केसांचं रान झालं होतं. "दाढी म्हनती," ते म्हणाले. "न्हाव्याकडं निवांत बसून सव्वा वर्स झालं. हिला एकटी सोडून कुटं जायचं म्हनून घरीच खरडतोय."

"मग जा की."

"आत्ता?"

"आत्ता."

काकांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. तापलेल्या तव्यावर पहिली भाकरी पडली तसा त्यांनी खिडकीशी येऊन वाफेकडे डोळे भरून पाहिलं आणि ते निघाले. विजेच्या खांबापाशी वळून पाहिलं. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा पाहिलं. कोपऱ्यावर कुणी जुना ओळखीचा भेटला असावा, त्यांचा आवाज मोठा झाला, हात हवेत हलू लागले. मग ते दोघं बोलत बोलत पलीकडच्या गल्लीत शिरले, आणि या खेपेला काकांनी मागं वळून पाहिलं नाही.

काकूंनी भाकरी उलटली.