मणेराचं घर

मी माहेरची मणेर, सासरची तांबोळी. म्हणजे बांगड्यांतून उठले आणि पानांत जाऊन पडले. आमच्यात आडनाव विचारलं की घरात काय विकतात ते कळतं. अत्तर विकणारा आतार, मणी-बांगड्या विकणारा मणेर. यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्या भावाला मात्र कळलं होतं. बद्रुद्दीनचं लोणावळ्याच्या बाजारात किराणा दुकान. बंगलेवाल्यांकडे माल जायला लागला तसा त्याचा रुबाब वाढला. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीला, शहनाजला, मध्यस्थामार्फत पुण्याहून स्थळ आलं. मुलगा कचेरीत कारकून, आडनाव शेख. झालं! भावानं अब्बांच्या वेळची 'मणेर' नावाची पाटी उतरवली आणि नवी लावली, 'बी. शेख'.

"दारोदार बांगड्या भरणाऱ्याची नात कोण करून घेईल?" तो म्हणाला.

"त्याच बांगड्यांवर तू वाढलास," मी म्हणाले.

"आपा, शहनाजचं वय बघ आणि गप्प बस."

हे मला लागलं, कारण खरं होतं. शहनाजची आधीची स्थळं मोडली होती आणि पोरगी आता आरशासमोरही उभी राहत नव्हती. म्हणून मी गप्प बसले. आमची अम्मा, जैतुनबी, तिला त्यानं पाहुणे येतील तेव्हा आतल्या खोलीतच बसायला सांगितलं. उतरवलेली पाटी अम्मानं पुसून स्वतःच्या पेटीमागं ठेवली. ते बघून मला भावाचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

मुलाचे आईवडील आले. सरबत झालं. बोलणं रंगात आलं, तोच ओसरीपुढं कुरवंड्याच्या डोंगरवाडीची भागूबाई येऊन उभी राहिली. सोबत तिची नात, बाया नावाची.

"मणेराचं घर ह्येच न्हवं? पोरीला उद्या हळद लागायची. चुडा भराया आलोय."

वाडीची रीतच तशी. नवरीचा हिरवा चुडा आमच्या घरच्या हातानंच भरायचा, त्याशिवाय हळद लावत नाहीत. अब्बा होते तोवर खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून तेच वाडीवर जात.

पाहुण्यांनी माना वळवल्या. भाऊ लगबगीनं पुढं झाला. "इथं मणेर कुणी नाही, मावशी. इथं शेख राहतात."

भागूबाई त्याच्याकडं बघत राहिली. "तू बदरू न्हवं? बाच्या मागनं वाडीवर यायचास. माज्या हातची नाचणीची भाकर खाल्लीयास."

"तुमची काहीतरी चूक होतेय."

बायाचं तोंड उतरलं. भागूबाई मात्र जागची हलली नाही. तेवढ्यात आतून अम्मा आली, हातात अब्बांची बांगड्यांची जुनी माळ. "बस गं पोरी," म्हणाली आणि तिनं ओसरीवरच बैठक मारली. भावाकडं बघितलंसुद्धा नाही. तो पांढराफटक पडला. दाराआड शहनाजनं माझा हात घट्ट धरला. गेलं, हेही स्थळ गेलं, असंच मला वाटलं.

बायाचे हात मोळ्या वाहून राठ झालेले. अम्माची नजर अधू, बोटांत जोर नाही. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली आणि वाढली. नवरीसमोर 'फुटली' म्हणायचं नसतं. दुसरीही वाढली.

"अहो, तसं नाही!" मुलाची आई एकदम बोलली. "अंगठ्याखाली दाबा. हात ढिला सोड गं, बाळ." आणि पुण्याच्या कारकुनाची ती आई सरबताचा पेला ठेवून खाली बसली, बायाचा हात तिनं मांडीवर घेतला आणि बघता बघता चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही. तिचे यजमान आढ्याकडं बघत बसले.

असा हात काही एका दिवसात बसत नाही. अम्मानं हळूच विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"वराळ्याचं." तिनं यजमानांकडं बघितलं. "आम्ही मणेरच. सासरचेही तेच. शेख लावलं ते पुण्यात गेल्यावर."

मला हसू आवरेना. मध्यस्थानं स्थळ बरोबर आपल्यातलंच शोधलं होतं, आणि दोन्ही घरं एकच आडनाव एकमेकांपासून लपवत बसली होती!

बायानं रीतीप्रमाणे चुडा भरणारीला वाकून नमस्कार केला. मुलाच्या आईचे डोळे भरून आले. "माहेर सुटल्यापासून मला कुणी असा नमस्कार केला नव्हता," त्या म्हणाल्या. मग त्या उठून आत आल्या आणि शहनाजचं मनगट त्यांनी हातात घेतलं. "हिचा चुडा मी भरणार." शहनाज रडायलाच लागली. खरं सांगायचं तर मीही.

भागूबाई निघाली तसा भाऊ तिच्यामागं पायरीपर्यंत गेला.

"मावशी, मणेराचं घर हेच. मी बदरूच."

"मला ठावं व्हतं रं," भागूबाई म्हणाली. "तुला आटवायची वाट बगत हुबी व्हते."