नावाचा कप

"लाळेरं नको," बाळा म्हणाला आणि त्याने उत्तराताईंचा हात गळ्यापासून बाजूला केला.

"आजचाच दिवस रे. साहेब गेले की लगेच काढून टाकू."

"मी लहान नाय."

बाळा लहान नव्हताच. तिशी कधीच उलटली होती, कानांजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि लाळ गळायची थांबून तर कितीतरी वर्षं झाली होती. तरी उत्तराताईंनी ते लाळेरं त्याच्या गळ्यात बांधलं. स्वतःच्याच हातांचा त्यांना एवढा राग आला की गाठ जरा जास्तच आवळली गेली. बाळाने मागे हात नेऊन ती सैल केली. गाठ सोडायची कशी, हेही त्याला इथेच शिकवलेलं होतं.

इथे म्हणजे वाकोल्यातल्या दोन खोल्यांच्या केंद्रात. बुद्धीने मागे राहिलेल्या मोठ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं आणि जमेल तेवढं शिकवायचं, यासाठी उत्तराताईंनी बँकेतून निवृत्त झाल्यावर रीतसर ट्रस्ट नोंदवून ते सुरू केलं होतं. पालिकेच्या एका योजनेतून अनुदान यायचं, त्यावर जागेचं भाडं आणि मदतनीस सुलक्षणाचा पगार निघायचा. अट एवढीच होती की लाभार्थी 'पूर्णतः परावलंबी' असला पाहिजे आणि असे निदान पंचवीस तरी पाहिजेत. केंद्रात बरोबर पंचवीस जण होते. म्हणजे शिकवायला पैसे मिळणार, पण एखादा खरंच काही शिकला की तो यादीतून गळणार आणि एक गळला की संख्या कमी पडून सगळ्या केंद्राचंच अनुदान बंद होणार. ही अट कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली, हे विचारायला उत्तराताई त्या ऑफिसात दोनदा जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा बसायला खुर्ची मिळाली, प्यायला पाणी मिळालं, उत्तर मात्र मिळालं नाही.

त्यामुळे तपासणीच्या दिवशी केंद्रात उलटी शाळा भरायची. जे स्वतःच्या हाताने जेवत त्यांना भरवायचं. ज्यांना बटणं लावता येत त्यांच्या शर्टांची बटणं उघडी ठेवायची. वर्षभर घासून घासून जे बसवलं, ते सकाळच्या दोन तासांत पुसून काढायचं. गेल्या वर्षी तर 'छायाचित्रात लाभार्थी आनंदी दिसतात, खात्री करावी' असा शेरा आला होता. तो वाचून उत्तराताईंनी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला होता की पुढचे चार दिवस मनगट दुखत होतं.

"माका ह्यां पटत नाय हां, ताई." सुलक्षणा एकेकाच्या चपलांचे पट्टे सोडत होती आणि प्रत्येक पट्ट्यागणिक तिचा आवाज चढत होता. "मेल्यांनी शिकवूक पैसे देवचे आणि पोरगो शिकलो तर बंद करूचे? कसलो न्याय ह्यो?"

"मला पटतंय का? पण बंद पडलं तर ही सगळी कुठे जातील, सांग ना. बाळाची आई कामाला जाताना बाहेरून कडी लावून जायची. परत तेच?"

सुलक्षणा पुढच्या चपलेकडे वळली. बाळाच्या घराची ती कडी तिने स्वतः उघडली होती. आत बाळा दाराशीच बसलेला होता, दिवसभर कुणी येईल म्हणून.

"लायटर लपवलास ना?"

"वर फळीवर ठेवलाय. पण तो ऐकाचो नाय. पावणो इलो की त्याका चाय करूचीच असता."

खरी भीती त्या चहाचीच होती. बाळाला आकडे येत नव्हते. दोन आणि पाच यांत त्याच्या लेखी काही फरक नव्हता. सुलक्षणाने त्याला आकडे शिकवायचा नाद सोडला आणि माणसं शिकवली. स्वयंपाकघरात खिळ्यांना कप टांगले, प्रत्येक कप वेगळा. निळ्या काठाचा उत्तराताईंचा, फुलांचा सुलक्षणाचा, तपकिरी इरावतीचा. इरावती म्हणजे दुपारी व्यायाम घ्यायला येणारी मुलगी. कान तुटलेला कप वॉचमन अण्णांचा आणि पिवळा बाळाचा स्वतःचा. एकेक कप काढायचा, ज्याचा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, तो भरून पाणी पातेल्यात ओतायचं. नावाला एक चमचा साखर, नावाला एक चमचा पावडर. पहिलं नाव नेहमी 'उत्तराताई'. पाहुणा आला तर कपाटातली कपबशी काढायची आणि आधी बाहेर येऊन त्याचं नाव विचारायचं, कारण नाव नसलं तर पाणी ओतायचं कुणाचं? हे शिकायला तीन वर्षं लागली होती. पहिलं वर्ष तर गॅसची भीती जाण्यातच गेलं. ज्या दिवशी पहिला धड चहा झाला त्या दिवशी उत्तराताई सगळ्यांसमोर रडल्या होत्या आणि बाळाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवून "गरम हाय, फुकून प्या" असं सांगितलं होतं.

तपासणी अधिकारी मोहिते अकराच्या सुमाराला आले. माणूस वाईट नव्हता, आणि उत्तराताईंना त्याचाच जास्त राग येत असे. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"काय मॅडम, बऱ्या आहात ना?" ते टेबलापाशी बसले आणि मोबाईल काढून कामाला लागले. "यावेळी सगळं मोबाईलवर आहे. एकेकाचा फोटो काढायचा आणि बटण दाबायचं. दोनच बटणं आहेत. परावलंबी, नाहीतर स्वावलंबी. मधलं काही नाही. या बाहेरच्या खोलीपासून काढूया का फोटो?"

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सगळे ओळीने बसले होते. सुलक्षणा वाटीतला भात एकेकाला भरवत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मोहित्यांनी पाच-सहा फोटो काढले आणि तेवढ्यात आतल्या दारातून बाळाने डोकं बाहेर काढलं. गळ्यात लाळेरं तसंच होतं.

"नाव काय?"

"माझं?" मोहिते हसले. "मोहिते."

"बाळा, जा, बस जाऊन," उत्तराताई म्हणाल्या. बाळाने मान डोलावली आणि तो आत गेला. आत जाऊन तो कुठे बसला हे बघायला त्या उठणार होत्या, पण मोहित्यांनी तेवढ्यात कुणाचं तरी वय विचारलं, मग आणखी कुणाचं तरी आधार कार्ड, आणि उठायचं राहून गेलं. लायटर फळीवर होता खरा, पण देवाच्या तसबिरीपाशी उदबत्तीची काडेपेटी होती, ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

चहा आला. ट्रे सरळ धरलेला, त्यातल्या बशीत थेंबभरही सांडलेलं नाही. बाळा आधी पाहुण्यापाशी गेला, मग उत्तराताईंपाशी.

मोहित्यांनी घोट घेतला. "अरे वा! झकास झालाय. कुणी केला?"

"मी," बाळा म्हणाला.

सुलक्षणाचा भाताचा घास वाटीतच राहिला. मोहित्यांनी कप खाली ठेवला, बाळाकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या लाळेऱ्याकडे पाहिलं आणि मग उत्तराताईंकडे पाहिलं.

"हा करतो का सगळं? गॅस वगैरे स्वतः पेटवतो? मग मॅडम, मला दुसरं बटण दाबावं लागेल." त्यांचा अंगठा मोबाईलवर थांबला. आवाज खाली आला. "तुम्ही सांगाल ते दाबतो. मला काय, मी काही बघितलेलं नाही."

सांताक्रूझच्या जुन्या घरी उत्तराताईंचा भाऊ श्यामसुंदर जन्मभर ओसरीवरच्या एका खुर्चीत बसून होता. त्याला कुणी काही शिकवलं नाही, कारण त्याला काही येणार नाही हे घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पाहुणे आले आणि तो काही बोलायला लागला की वडील म्हणायचे, "त्याचं सोडा हो, त्याला काही कळत नाही." त्या दिवशी रात्री श्यामसुंदर जेवत नसे. कळत नाही तर मग जेवत का नाही, असं उत्तराने एकदा विचारलं होतं आणि त्याबद्दल थोबाडीत खाल्ली होती. हे केंद्र खरं तर त्या थोबाडीतून उभं राहिलं होतं.

"सुलक्षणाने केलाय चहा," उत्तराताई म्हणाल्या. "तो नुसता ट्रे घेऊन आला."

"मी केला," बाळा म्हणाला.

"नाही रे बाळा. तू नाही केलास."

"मी केला. मोहिते, एक. उत्तराताई, एक." त्याने बोट दाखवून दोन्ही कप नावानिशी सांगितले.

"त्याचं सोडा हो साहेब," उत्तराताई म्हणाल्या. "त्याला काही कळत नाही."

मोहित्यांनी बटण दाबलं. मग फोटो हवा होता. बाळा ओळीत जाऊन सतरंजीवर बसला, कुणी सांगायच्या आधीच. सुलक्षणाने डोळे पुसत त्याच्यासमोर घास धरला. बाळाने तोंड उघडलं. फोटो उत्तम आला. तो हसत नव्हता.

जाताना मोहिते दारात थांबले. "मनावर घेऊ नका, मॅडम. मलाही कळतं सगळं. वरून जसं येतं तसं आम्ही करतो."

"वर कोण बसलंय?" उत्तराताईंनी एकदम आवाज चढवला. "एकदा त्यांना पाठवा इकडे! एका माणसाला चहा करायला शिकवून दाखवा म्हणावं! मग त्याला सांगा तू केला नाहीस म्हणून!"

मोहिते चपला घालत होते. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे काही कळलं नाही, आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी बाळा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याची आई फोनवर म्हणाली, "उठतच नाय ओ ताई. भिंतीकडे तोंड करून पडलाय. ताप पण नाय."

अनुदान मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा उत्तराताई बाळाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या होत्या. मागोमाग फोन आला. वाटपाचा समारंभ होता, स्टेजवर एक लाभार्थी घेऊन या, शक्यतो व्हीलचेअरवरचा, असं एक गोड आवाजाची मुलगी सांगत होती.

"मी एकटी येईन," उत्तराताई म्हणाल्या.

"मॅडम, फोटो असतो ना. लाभार्थी लागतोच."

"माझा काढा. मीच आहे परावलंबी. तुमच्याशिवाय माझं एक दिवस चालत नाही, आणि तुमच्यासाठी मी काय वाट्टेल ते बोलते. माझ्याच गळ्यात बांधा लाळेरं आणि काढा फोटो!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. एवढं बोलायचं होतं तर ते त्या दिवशी, मोहित्यांचा अंगठा थांबला होता तेव्हा का सुचलं नाही, याचं उत्तर उत्तराताईंना ठाऊक होतं. सतरंजीवर बाकीचे चोवीस जण बसले होते, हेच ते उत्तर. पण ते बाळाला कसं सांगायचं?

आठवडा उलटल्यावर बाळा आला. नेहमीसारखा शर्ट खोचून, केस विंचरून. दुपारी इरावतीचा व्यायाम झाला आणि चहाची वेळ झाली तसा तो आपणहून उठून स्वयंपाकघरात गेला. सुलक्षणाने घाईघाईने लायटर खाली काढून ठेवला होता. ती दारात उभी राहून उत्तराताईंकडे बघून हसली. उत्तराताईंनी डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली. आतून पातेल्याचा आवाज आला.

"सुलक्षणाताई," बाळा म्हणाला आणि पाणी पडलं.

उत्तराताईंनी डोळे उघडले.

"इरावतीताई." पाणी पडलं. "अण्णा." पाणी पडलं. "बाळा."

मग पाण्याचा आवाज थांबला. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं.

"बाळा," सुलक्षणा हळूच म्हणाली, "ताईंचा इसारलंस काय रे?"

"नाय," बाळा म्हणाला आणि त्याने गॅस पेटवला.

चहा झाला. बाळाने चौघांचे कप भरले. पातेल्यात घोटभरही उरला नाही, त्याचं माप कधी चुकत नसे. ट्रे घेऊन तो बाहेर आला, उत्तराताईंच्या टेबलाजवळून गेला, इरावतीला कप दिला, दारात जाऊन अण्णांना दिला. सुलक्षणाने आपला चहा बशीत अर्धा ओतला आणि बशी टेबलावर सरकवली.

"घ्या, ताई."

"नको," उत्तराताई म्हणाल्या. "तुझ्या नावाचा आहे तो."

बाळा खिडकीशी बसून फुंकर घालत चहा पीत होता. पिऊन झाल्यावर त्याने सगळे कप धुतले, पुसले आणि ज्याचा त्याचा खिळा बघून टांगून ठेवले. निळ्या काठाचा कप तिथे आधीपासूनच कोरडा लटकत होता.