पुस्तकातला मोजा

नॉर्थ डकोटातल्या त्या विद्यापीठात मानवविकास आणि कुटुंबशास्त्र शिकायला येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात आरशामागे बसवत. विभागाची स्वतःची बालवाडी होती. तिच्या भिंतीत एक लांबलचक आरसा होता, आणि त्याच्या पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मुलं दिसत, त्यांचं बोलणंही ऐकू येई. मुलांना मात्र फक्त आपली तोंडं दिसत. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे दिसलं ते लिहायचं, उजवीकडे वाटलं ते. "डोळ्यांचं डावीकडे, डोक्याचं उजवीकडे," हे हाल्वरसन मॅडम इतकं घोकवून घेत की पोरं त्यांच्या पाठीमागे नक्कल करत. तरी व्हायचं तेच. डावीकडे चार ओळी आणि उजवीकडे महापूर.

ब्रिटा ऑफ्टेडाल त्या वर्गात सगळ्यांत थोरली, एकोणतीस वर्षांची. आधी बीटच्या साखर कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी असायची. नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला, आणि चार वर्षांचा एमिल तिच्या पदरात राहिला. तिने कॉलेजात नाव घातलं तेव्हा मोठा भाऊ गनर पोट धरून हसला होता. "पोरं सांभाळायला डिग्री लागते होय? मग आपल्या आईला तर डॉक्टरच करून टाका!"

एमिल त्याच बालवाडीत होता, पण मॅडम सोडून हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. ब्रिटा त्याला सकाळी सगळ्यांच्या आधी सोडून यायची, दुपारी तिची आई न्यायला यायची. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींनी आपल्याकडे "बिच्चारी" म्हणून पाहिलेलं तिला नको होतं. निरीक्षणात मुलांची नावं घ्यायची नसत, एप्रनच्या रंगावरून ओळखायचं. ब्रिटाने मुद्दाम पिवळा निवडला. निळा, म्हणजे एमिल, केन्ड्राच्या वाट्याला आला.

त्या सोमवारी केन्ड्रा फळ्यापुढे उभी राहिली. मुलगी हुशार, फक्त स्वतःबद्दल जरा जास्तच खात्री असलेली.

"निळ्याने बाहुलीला पाळण्यात ठेवलं," ती वाचू लागली. "मग तिच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसला. मांडीवर जाड पुस्तक. बाहुलीच्या आवाजात स्वतःच रडला, आणि मागे न बघताच म्हणाला, 'थांब जरा.' पुन्हा रडला, पुन्हा 'थांब जरा.' दहा मिनिटं हेच चाललं होतं."

"आणि उजवीकडे?" मॅडमनी विचारलं.

"घरी दुर्लक्ष होतंय, मॅडम. आईचं मुलाकडे लक्षच नाही. पोर मायेचं भुकेलं आहे."

"फोनमध्ये तोंड खुपसून बसत असेल बया," मागून वेस्ली म्हणाला. दोघं-तिघं हसले. "ब्रिटा, तू तर आई आहेस. तुला काय वाटतं?"

ब्रिटाचे कान तापले. पुढ्यातलं पुस्तक तिने नुसतंच मिटलं. त्यातून एमिलचा छोटासा लाल मोजा बाहेर लोंबत होता. हाताला लागेल ते ती खूण म्हणून घालायची, आणि घरात हाताला नेहमी मोजेच लागत.

"अरे, हिच्या पुस्तकाला पाय फुटलेत!" वेस्ली ओरडला, आणि वर्ग तिकडे वळला.

ब्रिटाने पुस्तक जवळ ओढलं. पण "थांब जरा" हे तिचेच शब्द होते. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी पुस्तकात डोकं घालून ती तेच म्हणायची. म्हणजे केन्ड्राचं खरं होतं. दुसऱ्यांची मुलं कशी वाढतात ते शिकण्याच्या नादात आपलं पोर आपण पाठीमागे रडत ठेवलं, असं तिला वाटलं.

वर्ग सुटल्यावर ती मॅडमच्या खोलीत गेली. "मी सोडतेय, मॅडम. कारखान्यात घेतील मला परत. निदान कामाची पाळी संपली की मी त्याची असेन."

हाल्वरसन मॅडमनी कॉफीचा मग खाली ठेवला. "तू स्वतः पाहिलंस त्याला? आरशामागून?"

"नाही. धीर झाला नाही."

"मग दुसरीच्या उजव्या बाजूवरून आयुष्याचा निकाल लावायला निघालीस? मी तुला हेच शिकवलं का गं?" त्या खरंच चिडल्या होत्या. "उद्या सकाळी बस. फक्त डावीकडे लिही. नंतर खुशाल जा, मी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी इतकी थंडी होती की आवारातल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्या विजेच्या तारांना जोडून ठेवल्या होत्या. ब्रिटा आरशामागे बसली. शेजारी केन्ड्रा होतीच. पलीकडे एमिलने बाहुलीला पाळण्यात निजवलं, पाठ केली, पुस्तक उघडलं. बाहुली रडली. "थांब जरा," एमिल म्हणाला. ब्रिटाने ते डावीकडे लिहिलं.

"बघ, आजही तेच," केन्ड्रा कुजबुजली. निरीक्षणाची वेळ मोजणारं गजराचं यंत्र वाजलं तशी तिने कागद आवरले. "झाली दहा मिनिटं. येतेस?"

"तू हो पुढे."

केन्ड्रा कोट चढवत होती तेवढ्यात एमिल खाली वाकला. त्याने डाव्या पायातला मोजा ओढून काढला, पानांत नीट घातला आणि पुस्तक मिटलं. मग पाळण्याकडे वळून बाहुलीला उचलून मांडीवर घेतलं.

"झालं हं माझं," तो म्हणाला. "किती छान थांबलास तू! आता तू बोल, मी ऐकते. सगळं सगळं सांग."

आणि तो ऐकत बसला. मधूनच मान हलवी, मधूनच "अगं बाई, खरंच?" म्हणे. बाहुलीला सांगायचं बरंच होतं. रोज पुस्तक मिटल्यावर ब्रिटा त्याला हेच म्हणायची, अगदी याच शब्दांत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलंसुद्धा नाही.

केन्ड्रा एका बाहीत हात घालून तशीच उभी होती. तिने आरशापलीकडच्या मोज्याकडे पाहिलं, मग ब्रिटाच्या पुस्तकातल्या मोज्याकडे. "ब्रिटा... हा तुझा?"

"माझा."

"देवा! मी काल काय काय बोलले गं!"

"डावीकडचं सगळं खरं होतं," ब्रिटा म्हणाली. "यंत्र जरा लवकर वाजलं, एवढंच."

केन्ड्राने पिशवीतून कालचा कागद काढला, उजव्या बाजूवर आडवी काट मारली, कोट पुन्हा उतरवला आणि शेजारी बसली.

त्या दुपारी एमिलला न्यायला ब्रिटा स्वतः गेली. पोरगं टोपी, कोट, हातमोजे घालून जय्यत तयार होतं, फक्त एक पाय बुटात अनवाणी.

"मोजा कुठाय रे?"

"पुस्तकात. खूण ठेवलीय. उद्या पुढचं वाचायचंय ना मला!"

तिने त्याला कडेवर घेतलं आणि त्याचा पाय आपल्या कोटात खुपसला. दारात हाल्वरसन मॅडम उभ्या होत्या. "मग? कधी जातेस कारखान्यात?"

"आता कसली जातेय, मॅडम," ब्रिटा म्हणाली. "आमचा मोजा अडकलाय इथे."