दोन मुठींची करवत

मित्रांनो, मला दोन मुठी आहेत, त्यामुळे माझं एकट्या माणसाशी कधी जमलंच नाही. मी ओंडके कापणारी जुनी करवत. आता पडवीतल्या भिंतीवर दोन खिळ्यांवर पडून असते. दुपारचं ऊन पात्यावरून सरकू लागलं की माझा डोळा लागतो, आणि स्वप्नात भुसा पडत राहतो. पिवळा, मऊ, आवाज न करता.

लोहाराने मला पोलादाच्या पट्टीतून घडवलं. लांबी साडेपाच फूट. दाते पाडून झाल्यावर त्याने माझी दोन्ही टोकं एकमेकांजवळ येतील इतकं मला वाकवलं आणि सोडून दिलं. मी सरळ झाले आणि गुणगुणले. तो कान देऊन ऐकत राहिला. "चालेल," एवढंच म्हणाला. माझं पहिलं कौतुक ते.

मला एका करवत्याने घेतलं. पावाच्या भट्ट्यांना लागणारे ओंडके तो वखारीत कापायचा. दुसऱ्या मुठीशी त्याची नवी बायको उभी राहिली. पहिल्याच दिवशी तिने जीव खाऊन मला ढकललं. मी मधोमध वाकले आणि ओंडक्यात अडकून बसले.

"अगं, ढकलायचं नाही!" करवत्या ओरडला. "तू ओढायचं आणि सोडायचं. मग मी ओढणार."

"मी सोडलं आणि तुम्ही ओढलंच नाही तर?"

"तर बसू दिवसभर एकमेकांची तोंडं बघत."

ती हसली, आणि तिचा हात सैल झाला. मग मी झोक्यासारखी जाऊ-येऊ लागले. ओंडक्यातली वर्षं एकेक ओलांडत आत शिरायचे. कोरडी साल, ओलसर गाभा, आणि अगदी मध्यावर झाडाचं बालपण. संध्याकाळी तो एकेका दात्याला कानस लावायचा आणि तेलाच्या फडक्याने मला पुसायचा. अशी सव्वीस वर्षं गेली.

मग एकदा ओंडका घसरला आणि करवत्याचा उजवा खांदा कायमचा दुखावला. वखारवाल्याने विचारलं, "आता यंत्र आणू का?"

"माझ्या वाटणीचं मला ओढता येईनासं झालं, की मीच करवत खिळ्याला टांगेन," करवत्या म्हणाला. "तोवर यंत्राचं नाव काढू नका."

त्याच आठवड्यात त्याने ओढलं आणि मी हललेच नाही. त्याला ते कळायच्या आत दुसऱ्या टोकाकडून एक हळुवार रेटा आला. मी निघाले.

"ढकललंस?"

"मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? इतक्या वर्षांनी ढकलेन?"

मित्रांनो, मी जरा जरी वाकले असते तर ती उघडी पडली असती. मी पाठ ताठ धरली. चार हिवाळे धरली.

एका संध्याकाळी मात्र तेल लावताना करवत्याचा अंगठा तिच्या मुठीवर थबकला. ओढणाऱ्याची मूठ बोटांखाली, पलीकडून झिजते. तिच्या मुठीला अलीकडूनही एक खळगा पडला होता, बरोबर तळहाताएवढा. त्याने त्यात आपला तळहात ठेवून पाहिला. नंतर त्याची नजर भिंतीतल्या खिळ्यांकडे गेली. माझं पातं गार पडलं.

"तुझी मूठ फार चुगल्या करते गं," तो म्हणाला.

मोरीतली कपबशांची खळखळ थांबली. "काय म्हणते?"

"म्हणते, बाई दोघांचं काम करते."

ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. मग म्हणाली, "ओढून झालं की हात तुमच्याकडे रिकामाच यायचा. रिकाम्या हाताने कशाला यायचं?"

सकाळी तो वखारवाल्याकडे गेला. जाड ओंडक्यांसाठी यंत्र आणा, बारीक आम्ही कापू, असं स्वतःहून सांगून आला. मग त्याने आपली मूठ धरली आणि मान वर न करता म्हणाला, "हं, ढकल."

आणखी सहा वर्षं आम्ही तिघांनी बारीक लाकडं कापली. आता त्या दोघांची मुलगी घर सांभाळते. परवा ती मला नवी करायला सँडपेपर घेऊन आली होती. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, म्हणून राहिलं.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी माझ्यासारखं असेल, तर त्याचा गंज जरूर काढा, पात्याला तेल द्या. मुठी मात्र घासू नका. त्यांना नुसता हात लावा.